तुलूज: मेट्रोतला दुसरा आवाज

दक्षिण फ्रान्समधल्या तुलूजला येऊन तीन आठवडे झाले, अजून पाच महिने राहायचंय. पहिला आठवडा भाड्याच्या घराच्या कागदपत्रांत गेला, त्यावर लिहायची इच्छाच नाही. रविवारी दुपारनंतर आमच्या गल्लीत साधं दूध मिळत नाही, याचा मला अजूनही राग येतो. पण शहर पहिल्याच संध्याकाळी आवडलं. जवळपास दगडाच्या खाणी नाहीत, गारोन नदीची माती मात्र भरपूर, म्हणून इथे जिकडेतिकडे वीट, आणि उन्हं उतरली की सगळं गुलाबी होतं.

लिहायला बसले ते मात्र मेट्रोमुळे. इथल्या मेट्रोला ड्रायव्हर नसतो, त्यामुळे मी पुढच्या काचेशी उभी राहते. स्टेशन आलं की फ्रेंचमध्ये नाव सांगतात आणि लगेच दुसरा आवाज तेच नाव पुन्हा घेतो, पण वेगळं. ‘कापितोल’च्या पाठोपाठ ‘कापितोली’. मला वाटलं स्पॅनिश असेल, सीमा काही लांब नाही. मग जुन्या भागात रस्त्यांच्या पाट्याही दोन-दोन दिसायला लागल्या, वर ‘र्‍यू’ आणि खाली ‘कार्रिएरा’, दोन्हींचा अर्थ रस्ता.

शेवटी शेजारच्या मादामना विचारलं. पंच्याहत्तरीच्या असतील, एकट्याच राहतात. पुण्यात वर्षभर शिकलेलं माझं फ्रेंच त्या न कंटाळता ऐकून घेतात. म्हणाल्या, ती ऑक्सितान, आमच्याकडची भाषा, पण माझी आई तिला पातुआ म्हणायची, म्हणजे गावंढळ बोली. आई शाळेत असताना वर्गात कुणी पातुआ बोललं की त्याच्या गळ्यात लाकडाचा तुकडा अडकवायचे, आणि दुसरं कुणी बोलताना सापडलं की तो त्याच्या गळ्यात जायचा, म्हणजे मुलंच मुलांवर नजर ठेवून. आईने ठरवलं की आपल्या मुलीशी फक्त फ्रेंच बोलायचं. हे सांगताना मादाम टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत होत्या, एकेक करून, आणि थोडा वेळ आम्ही दोघी काहीच बोललो नाही.

आणि भाषा कुठली, तर जिच्यात कविता करणाऱ्यांसाठी याच शहरात १३२३ साली सात जणांनी मंडळ काढलं आणि पुढच्या वर्षी पहिल्या कवीला सोन्याचं व्हायोलेटचं फूल दिलं! तेव्हा आपल्याकडे नामदेव महाराज हयात होते. सहाशे वर्षांनी तीच भाषा गावंढळ ठरली, मुलांना तिची लाज वाटायला लावली, मला हे फार लागलं.

कारण माझी आजी मालवणची. तिचं ‘खंय चललंस गो?’ मला अजून ऐकू येतं, पण मला मालवणी बोलता येत नाही. बाबा पुण्यात शाळेत गेले, पोरं हसली, बाबांनी मालवणी सोडली ती सोडलीच. आमच्या घरात कुणी गळ्यात काही अडकवलं नव्हतं तरी.

परवा मादामबरोबर बाजारात गेले. कापितोलला उतरताना दुसऱ्या आवाजाने नाव घेतलं तशा त्याही हळूच ‘कापितोली’ म्हणाल्या, मग माझ्याकडे बघितलं, म्हणून मीही म्हटलं. त्यांनी ‘ली’ थोडा सुधारून दिला आणि आम्ही उतरलो.