जॉर्ज थॉमसच का?

अमेरिकेतल्या यादवी युद्धाविषयी मी गेली अनेक वर्षे वाचते आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो: त्या युद्धातला तुमच्या मते सर्वांत मोठा सेनापती कोण, उत्तरेचा ग्रँट की दक्षिणेचा ली? मी जॉर्ज हेन्री थॉमसचे नाव घेते आणि लगेच दुसरा प्रश्न येतो की हा कोण, आणि हाच का? समोरासमोर बोलताना माझे उत्तर नेहमी अर्धवट राहते. तुम्हीही विचारलेत, म्हणून ते एकदा नीट लिहून काढते.

या विषयाकडे मी कापसाच्या वाटेने आले. अमरावतीत शाळेत इतिहास शिकवताना 1861 नंतरच्या चार वर्षांत वऱ्हाडातल्या कापसाला एकाएकी भाव का चढला, हे मुलांना सांगावे लागे. संघराज्याच्या बाजूने उभ्या असलेल्या उत्तरेच्या आरमाराने फुटून निघालेल्या दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांचे दिवस पालटले. ते सांगता सांगता कापूस मागे राहिला आणि तिकडे लढत असलेल्या माणसांत माझे मन गुंतले.

परक्या शत्रूशी लढणाऱ्या अधिकाऱ्याला ‘तू कोणाचा?’ असे कोणी विचारत नाही. यादवीत मात्र पहिला प्रश्न तोच असतो. 1861 च्या आरंभी अमेरिकेच्या खड्या सैन्यात सुमारे 1,100 अधिकारी होते आणि त्यांपैकी 300 हून अधिक राजीनामे देऊन दक्षिणेला मिळाले. थॉमस ज्या घोडदळाच्या रेजिमेंटमध्ये मेजर होता, तिथले चित्र तर फारच बोलके आहे: कर्नल अल्बर्ट सिडनी जॉन्स्टन, लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट ली आणि ज्येष्ठ मेजर हार्डी हे त्याच्या वरचे तिघेही दक्षिणेकडे गेले. थॉमस स्वतः व्हर्जिनियाचा. 1831 मध्ये नॅट टर्नरच्या नेतृत्वाखाली गुलामांनी उठाव केला तो त्याच्याच साउथॅम्प्टन परगण्यात, आणि पंधरा वर्षांच्या थॉमसला विधवा आई आणि बहिणींबरोबर घर सोडून पळावे लागले होते. त्याचे कुटुंब गुलाम बाळगणारे होते. अशा घरातला माणूस आपल्या राज्याबरोबर जाईल असेच सगळ्यांनी धरले होते, पण तो संघराज्याला दिलेल्या शपथेबरोबर राहिला. बहिणींनी त्याची तसबीर भिंतीकडे तोंड करून फिरवली आणि पुढे आपल्याला भाऊच नाही असे सांगितले, अशी गोष्ट सांगतात.

घर तुटले, आणि वॉशिंग्टनच्या सरकारचा पूर्ण विश्वासही मिळाला नाही. युद्धाच्या तोंडावर, जानेवारी 1861 मध्ये, पाठीच्या दुखापतीमुळे सैन्यातली नोकरी झेपेल की नाही या चिंतेत असताना त्याने व्हर्जिनियातल्या लष्करी विद्यालयात एका जागेची चौकशी केली होती. ते पत्र पुढे अनेकांनी त्याच्याविरुद्ध वापरले. 1862 च्या सप्टेंबर अखेरीस थॉमसचा वरिष्ठ सेनापती ब्युएल याला काढून त्याच्या जागी थॉमसला नेमल्याचा हुकूम निघाला. तेव्हा ब्युएलची चढाईची तयारी पूर्ण झालेली असताना ऐन वेळी सेनापती बदलणे योग्य नाही, असे सांगून थॉमसने ते पद नाकारले. मला ही त्याची चूक वाटते. महिन्याभरातच ब्युएल गेला आणि ती जागा रोझक्रान्सला मिळाली. रोझक्रान्स सेवाज्येष्ठतेत थॉमसच्या मागे होता, म्हणून त्याच्या बढतीची तारीखच मागे नेण्यात आली. थॉमसने लेखी निषेध नोंदवला आणि त्याच रोझक्रान्सच्या हाताखाली मन लावून काम केले.

त्याच्यातला सेनापती पाहायचा असेल तर चिकामोगाला जावे. माझी मुलगी अटलांटाला राहते. तिथून मोटारीने दोन तासांच्या अंतरावर, जॉर्जियाच्या उत्तर टोकाला, हे रणक्षेत्र जपून ठेवलेले आहे. तिथे पायी फिरल्यावर जी गोष्ट नकाशावर मला कधी उमगली नव्हती ती उमगली: तिथे शेजारची तुकडीसुद्धा दिसत नाही. सगळीकडे झाडी आहे आणि मधेच एखादे शेत मोकळे आहे. 19 आणि 20 सप्टेंबर 1863 या दोन दिवसांत या झाडीत दोन्ही बाजूंची मिळून सव्वा लाखाच्या आसपास माणसे लढली आणि 34,000 हून अधिक मेली, जखमी झाली, पकडली गेली किंवा बेपत्ता झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोझक्रान्सला कोणीतरी कळवले की रेनॉल्ड्सच्या डिव्हिजनच्या (काही हजार शिपायांच्या तुकडीच्या) उजवीकडे फळीत खिंडार पडले आहे. प्रत्यक्षात तिथे ब्रॅननची डिव्हिजन उभी होती. ती झाडीत थोडी मागे सरकून असल्यामुळे निरोप्याच्या नजरेस पडली नव्हती. ते खिंडार बुजवण्यासाठी ब्रॅननच्या पलीकडे उभ्या असलेल्या वुडला लेखी हुकूम गेला की शक्य तितक्या लवकर रेनॉल्ड्सला जाऊन भिडा आणि त्याला पाठबळ द्या. मला हा हुकूम पुनःपुन्हा वाचावासा वाटतो, कारण त्या एका वाक्यातली दोन क्रियापदे एकमेकांशी जुळत नाहीत. लष्करी भाषेत भिडणे म्हणजे फळीत त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहणे, आणि पाठबळ देणे म्हणजे त्याच्या मागे जाऊन उभे राहणे. मधे ब्रॅनन असताना वुडला रेनॉल्ड्सला भिडणे शक्यच नव्हते. त्याला स्वतःची जागा सोडून ब्रॅननच्या मागून जावे लागणार होते. हुकूम चुकला आहे हे वुडला समजायला हवे होते आणि विचारायला जाता येण्याइतका रोझक्रान्स जवळही होता. पण हुकूम तत्परतेने पाळला नाही म्हणून त्याच सकाळी रोझक्रान्सने वुडची सर्वांदेखत खरडपट्टी काढली होती, असे सांगतात. तो निघाला. त्याने मोकळ्या केलेल्या जागेसमोर, ब्रदरटनच्या शेतापलीकडे, दक्षिणेचा सेनापती लाँगस्ट्रीट याचा मोठा जमाव नेमका त्याच वेळी चढाईला सज्ज होता.

पुढच्या तासाभरात संघराज्याच्या सैन्याची उजवी बगल कोसळली. रोझक्रान्स स्वतः आणि त्याचे दोन कोअर (अनेक डिव्हिजनांचे दळ) कमांडर मागच्या चॅटनूगा शहराकडे निघून गेले. मागे राहिला थॉमस. त्याने स्नॉडग्रास टेकडीवर आणि तिच्या शेजारच्या सोंडेवर फुटून आलेल्या तुकड्यांचे तुकडे जोडून नवी फळी उभी केली. त्यांत पुष्कळ पलटणी त्याच्या कोअरच्या नव्हत्या आणि कित्येक शिपाई आपल्या अधिकाऱ्यांपासून तुटलेले होते. ज्या वुडच्या हालचालीने हे घडले, त्या वुडचे लोकही तिथे थॉमसच्या हाताखाली लढले. दुपारी काडतुसे संपत आली तेव्हा राखीव दळाचा गॉर्डन ग्रेंजर हुकुमाची वाट न पाहता, तोफांच्या आवाजाच्या रोखाने, दोन ब्रिगेड आणि दारूगोळा घेऊन येऊन पोहोचला. संध्याकाळी माघारीचा हुकूम अमलात येईपर्यंत टेकडी राहिली.

वुडने हुकूम शब्दशः पाळला आणि फळी तुटली. ग्रेंजरने हुकुमाविना पाऊल उचलले आणि ती वाचली. म्हणून हुकूम मोडणारा अधिकारी श्रेष्ठ, असा अर्थ मात्र मी काढत नाही. आपल्या भोवती काय चालले आहे हे ग्रेंजर कान देऊन ऐकत होता, आणि टेकडीवर थॉमस तेच करत होता. दुरून धुळीचा लोट येताना दिसला, तेव्हा ती कुमक आहे की शत्रू हे त्याने आधी नक्की करून घेतले.

महिन्याभराने रोझक्रान्सला दूर करून चॅटनूगाच्या सैन्याची सूत्रे थॉमसला मिळाली. शहर वेढलेले होते आणि शिपाई अर्ध्या शिध्यावर होते. काहीही करून शहर राखा, अशी आता त्याचा वरिष्ठ झालेल्या ग्रँटची तार आली, तेव्हा त्याने उत्तर पाठवले की उपासमारीने मरेपर्यंत आम्ही शहर राखू. 25 नोव्हेंबरला शहराबाहेरच्या मिशनरी रिज या डोंगरसोंडेच्या पायथ्याचे खंदक घ्या एवढाच हुकूम असताना त्याच्या शिपायांनी तो सगळा चढ चढून माथा घेतला. यांना वर जायला कोणी सांगितले, असे खाली उभ्या ग्रँटने विचारले, तेव्हा मी नाही, असेच थॉमसला म्हणावे लागले. वरच्यांनी ज्याच्याकडे सतत संशयाने पाहिले, त्याच्या हाताखालची माणसे न सांगता पुढे जात होती. शिपाई त्याला ‘पॅप’ म्हणत, म्हणजे आपण बाप म्हणतो तसे.

थॉमस संथ होता, असा आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो आणि त्याचा आधार असते 1864 च्या डिसेंबरातली टेनेसीतल्या नॅशविलची लढाई. समोर दक्षिणेचा सेनापती जॉन बेल हूड होता, वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात थॉमसच्या अध्यापनाच्या काळात शिकलेला. त्याआधी फ्रँकलिनच्या लढाईत एका संध्याकाळी 6,000 हून अधिक माणसे गमावूनही तो नॅशविलपुढे येऊन बसला होता. थॉमसकडे माणसे जास्त होती, पण घोडदळाला घोडे नव्हते, आणि घोडदळाविना हूडला हरवता आले तरी त्याचा पाठलाग करता आला नसता. ग्रँट व्हर्जिनियातून रोज ताबडतोब हल्ला करा अशा तारा करत होता. हूड बगल देऊन ओहायो नदीकडे निघून जाईल ही त्याची भीती अगदीच निराधार नव्हती, हे मी मान्य करते. पण घोडे मिळू लागले तोच गारठलेल्या पावसाने जमीन बर्फाची काच झाली. तिच्यावर माणूस उभा राहत नव्हता, मग चढाई कोठून होणार? थॉमसने वॉशिंग्टनला कळवले की मला दूर करायचे असेल तर मी कुरकूर न करता बाजूला होईन. त्याला बदलण्याचा एक हुकूम लिहून थांबवला गेला, मग त्याची जागा घेण्यासाठी लोगन नावाच्या सेनापतीला रवाना करण्यात आले, आणि अखेरीस ग्रँट स्वतःच निघाला.

15 डिसेंबरला बर्फ वितळल्यावर थॉमसने हल्ला केला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हूडचे सैन्य सैन्य म्हणून उरले नाही. लोगन लुईव्हिलपर्यंत आणि ग्रँट वॉशिंग्टनपर्यंत पोहोचला होता. दोघेही तिथूनच परतले. घोडदळाने पाठलाग टेनेसी नदीपर्यंत नेला.

त्या लढाईत डाव्या बगलेवर कृष्णवर्णीयांच्या पलटणी होत्या. त्यांतल्या तेराव्या पलटणीची पीच ऑर्चर्ड टेकडीवर एकाच चढाईत दोनशेहून अधिक माणसे पडली. हे लोक उघड्यावर उभे राहून लढतील का, अशी शंका थॉमसने पूर्वी बोलून दाखवली होती. लढाईनंतर गोऱ्या आणि काळ्या शिपायांची एकमेकांत मिसळलेली प्रेते पाहून हा प्रश्न आता मिटला असे तो म्हणाला, असे त्याच्या हाताखालच्या एका कर्नलने लिहून ठेवले आहे. नॅट टर्नरच्या उठावात घर सोडून पळालेला मुलगा तेहतीस वर्षांनी तिथे उभा होता. त्याला श्रेष्ठ म्हणताना मला नॅशविलच्या विजयाइतकाच हा क्षणही आठवतो, कारण आपली शंका खोटी ठरली हे मोठ्या पदावरून उघड मान्य करणारे अधिकारी त्या सैन्यात फार नव्हते.

त्याचे नाव मागे का पडले, हेही तुम्ही विचारता. उत्तरेचाच दुसरा सेनापती शेर्मन याने आणि ग्रँटने आपापल्या आठवणी लिहिल्या आणि पुढच्या पिढ्यांनी युद्ध त्यांच्या नजरेतून पाहिले. थॉमसने काही लिहिले नाही. व्हर्जिनियाला तो आपला वाटत नव्हता आणि उत्तरेतल्या कोणत्याही राज्याचा तो सुपुत्र नव्हता. 28 मार्च 1870 रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या आपल्या कचेरीत तो नॅशविलच्या विलंबावर टीका करणाऱ्या एका वृत्तपत्रीय लेखाला उत्तर लिहायला बसला होता. लिहिता लिहिताच त्याला झटका आला आणि त्याच दिवशी तो गेला. पत्नीच्या गावी, न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉयला, त्याचे दफन झाले. व्हर्जिनियाहून रक्ताचे कोणीही आले नाही.