पारी, सारण आणि पौर्णिमा

मूनकेक म्हणजे चिनी आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेच्या सणाचा, आत सारण भरून साच्यात छापलेला भाजका पदार्थ. त्याचा हल्लीचा साचा चकलीच्या सोऱ्याचा धाकटा भाऊ शोभावा असा असतो. प्लॅस्टिकची नळी, स्प्रिंगचा दट्ट्या आणि तळाला बदलता येणारी नक्षीची चकती. अमेरिकेतल्या काही घरांत हा साचा वर्षातून एकदा फडताळातून खाली उतरतो. त्या घरांत आईबाप चिनी नसतात, मूल चिनी असतं.

चीनचा दत्तक कायदा एप्रिल 1992 मध्ये अमलात आला आणि परदेशी कुटुंबांना वाट मोकळी झाली. एकाच मुलाची सक्ती होती त्या काळातली ही मुलं, त्यातही बहुतेक मुली. 1999 नंतर एकट्या अमेरिकेतच 82 हजारांहून जास्त गेली. सप्टेंबर 2024 मध्ये, जवळचे नातेवाईक वगळता, चीनने हे दार लावून घेतलं. मुलं मात्र तिकडे वाढतायत, आणि त्यांच्यासाठी सण कसा करायचा हा प्रश्न शेवटी ओट्यापाशी येतो.

पहिली चूक तिथेच होते. ‘चिनी’ म्हणून फॉर्च्युन कुकी आणली जाते. तिचं मूळ जपानी, वाढ कॅलिफोर्नियातली. चीनमध्ये सणाला ती कोणी खात नाही. दुसरी चूक साच्याच्या चकतीची. जुळ्या अक्षरांची सुंदर नक्षी दिसली की लोक तीच उचलतात. ते ‘दुहेरी आनंदा’चं चिन्ह लग्नाचं. मूनकेकच्या पौर्णिमेला ते म्हणजे वाढदिवसाच्या केकवर ‘शुभमंगल सावधान’.

त्याआधी मुलाच्या कागदपत्रांतला प्रांत बघावा. मूल ग्वांगडोंगचं असेल तर पातळ, चकचकीत पारीचा आणि कमळबियांच्या सारणाचा कँटनी मूनकेक. जिआंग्सूचं असेल तर सूचौचा पापुद्र्यांचा, आत डुकराच्या खिम्याचं सारण, गरमागरम खायचा. युन्नानमध्ये हॅम घालतात. ‘भारतीय पदार्थ’ म्हणून कोकणातल्या माणसापुढे छोले ठेवले तर तो खाईल, पण ओळखणार नाही. तसंच हे.

कँटनी प्रकारात खरी गंमत पाकाची. 400 ग्रॅम साखर, 200 ग्रॅम पाणी, 50 ग्रॅम लिंबाचा रस. साखर विरघळली की ढवळणं बंद, मंद आचेवर पाऊणएक तास. लिंबामुळे साखरेची फोड होते, म्हणून पाक पुन्हा दाणेदार होत नाही. तो पातळ मधासारखा, तांबूस हवा. मग बरणीत निदान दोन आठवडे मुरवायचा. घाईने कच्चा पाक वापरला तर पारीला रंग चढत नाही.

पारीसाठी 100 ग्रॅम मैदा, 70 ग्रॅम पाक, 25 ग्रॅम शेंगदाणा तेल आणि 2 ग्रॅम क्षारपाणी. हे क्षारपाणी पापडखाराच्या जातीचं. पाकातला आंबटपणा मारतं आणि भाजताना सोनेरी रंग आणतं. पीठ मळायचं नाही, नुसतं एकत्र करून तासभर झाकून ठेवायचं. मळलं की चिवट होतं आणि साच्यातून काढल्यावर नक्षी आक्रसते.

सारणाला कमळगट्टा, मखाणा नव्हे. बी फोडून आतला हिरवा कोंब काढायचाच. एखादा राहिला तरी घास कडू. मध्यभागी बदकाच्या खारवलेल्या अंड्याचा बलक, तोच चंद्र. 50 ग्रॅमच्या साच्याला 20 ग्रॅम पारी आणि बलक धरून 30 ग्रॅम सारण. वरच्या मापात नऊ होतात. मोदकाची पारी वळणाऱ्या हाताला हे अवघड नाही. फरक इतकाच की इथे कळ्या नाहीत, पारी तळहातात फिरवत वर सरकवत नेऊन तोंड मिटायचं. आत हवा राहिली तर भट्टीत फुगून तडा जातो.

भाजण्याआधी पाण्याचा हलका फवारा. 180 अंशांवर पाच मिनिटं, बाहेर काढून दहा मिनिटं थंड. मग अंड्याचा बलक थोड्या पाण्यात फेटून, ब्रश जवळजवळ कोरडा करून फक्त उठावाच्या रेघांवर फिरवायचा. जास्त लागला की अक्षरं बुजतात. पुन्हा बारा ते पंधरा मिनिटं. कडा ढोलासारख्या बाहेर आल्या तर बहुधा सारण ओलं राहिलंय. ते कढईत पुरेसं परतलं गेलं नाही.

भट्टीतून आलेला मूनकेक खडखडीत असतो. इथे लोक हताश होतात, काहीजण टाकूनही देतात. तो डब्यात बंद करून दोन दिवस विसरावा. सारणातलं तेल पारीत उतरतं, ती मऊ होते, तकाकी येते. म्हणून पौर्णिमेच्या तीन दिवस आधीच भाजावेत.

बाकी, चीनमध्ये मूनकेक बहुतेक विकतच आणतात, सजवलेल्या खोक्यांतून एकमेकांना देतात. कित्येक चिनी घरांत भट्टीच नसते. ‘तुझी आजी असेच करायची’ असं मुलाला सांगू नये. ते कोणाला ठाऊक नाही, आणि बहुधा खरंही नसेल.

तिथी मात्र आपल्याला परकी नाही. चिनी आठव्या महिन्याची पौर्णिमा, म्हणजे बहुधा आपली भाद्रपदातली. अधिक महिने त्यांनाही असतात, आपल्यालाही, पण दरवेळी एकाच वर्षी येतात असं नाही. 2025 मध्ये त्यांचा आला, आपला नाही. म्हणून 6 ऑक्टोबरला मूनकेक आणि कोजागिरीचं मसाला दूध एकाच चंद्राखाली आले.

हा सण घरच्यांनी एकत्र येण्याचा, आणि दत्तक मुलाच्या घरात नेमकी तीच गोष्ट नाजूक. कापण्याच्या जुन्या रीतीत त्याला जागा आहे. घरात जितकी माणसं तितक्या फोडी, आणि जो परगावी आहे त्याच्याही नावाची एक. सुरी मुलाच्या हातात द्यावी आणि किती फोडी करायच्या ते त्यालाच ठरवू द्यावं. तीन माणसांत पाच फोडी झाल्या, तर मोजणी चुकली असं म्हणू नये. ताटलीत दोन तशाच ठेवाव्यात.