तुम्ही विचारलंत म्हणून : सेवक म्हणजे होयबा का?

चर्चच्या तरुण संघाच्या शिबिरात पुढारीपणावर बोलायला मला बोलावतात, तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातला, येशू शिष्यांचे पाय धुतो तो प्रसंग नुकताच वाचून झालेला असतो आणि मागच्या बाकावरून कोणीतरी हात वर करतं : "पुढाऱ्यानं सेवक व्हायचं म्हणजे सगळ्यांना हो म्हणायचं का? मग निर्णय कोण घेणार?"

प्रश्न रास्त आहे. सगळ्यांशी गोड वागणारा सेक्रेटरी आणि वर्षानुवर्षं गळणारं चर्चचं छप्पर, हे दोन्ही एकाच मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, पाहिलेली मुलं आहेत ती.

उत्तराची सुरुवात मी त्याच अध्यायातून करते. शिष्य पेत्र म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. येशू ऐकतो का? नाही. उलट सुनावतो, की धुऊ दिले नाहीस तर तुझा माझा संबंध नाही. गंगाळ आणि रुमाल ज्याच्या हातात आहे, तोच त्या खोलीत सगळ्यात ठाम आहे. (आपल्याकडे पवित्र गुरुवारी ज्यांचे पाय धुतात ते घरूनच साबणानं धुऊन आलेले असतात आणि समोर तीन मोबाईल रोखलेले असतात, ते सोडा.)

पण मुलांना वचनाबरोबर माणसाचा दाखलाही लागतो. मी पंडिता रमाबाईंचा देते. त्या आपल्याला पांढऱ्या साडीतल्या, शांत, दयाळू अशा फोटोतून माहीत असतात, आणि तो फोटो अर्धीच रमाबाई दाखवतो. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला. पंचविशीतली विधवा, पदरात लहानगी मनोरमा, आसरा तिथल्या सिस्टरांचा. याच सिस्टर लंडनमध्ये, जिला जग वाया गेलेली म्हणतं अशा बाईला जवळ घेऊन उभं करत होत्या. ते पाहून रमाबाई हलल्या. असं काम आपण कुठं पाहिलंच नव्हतं, असं त्यांनी पुढं लिहून ठेवलंय. तरीही त्याच सिस्टरांशी त्यांची पत्रांतून जुंपली. तरुण पुरुषांना रमाबाईंनी शिकवू नये, असं हिंदुस्थानातल्या बिशपांचं मत पडलं, तेव्हा या बाईनं मान तुकवली नाही. हिंदू पुरोहितांचं जू मोठ्या कष्टानं मानेवरून काढलंय, आता लगेच तसलंच दुसरं घेणार नाही, या अर्थाचं त्यांनी स्पष्ट लिहिलं. ज्यांच्या करुणेनं त्या ख्रिस्ताकडे ओढल्या गेल्या, त्यांनाच त्या नाही म्हणाल्या.

नुसतं नाही म्हणायला काय लागतं, आपल्या कमिटीतही तसे पुष्कळ आहेत. रमाबाईंचं नाही वरच्यांसाठी होतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेनं पोटं खपाटीला गेलेल्या मुली, विधवा घेऊन आल्या. स्वतःचे आईवडील आणि बहीण त्यांनी वीसेक वर्षांपूर्वीच्या दुष्काळी भटकंतीत गमावली होती, त्यामुळे ही भूक त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाही. पुण्यात प्लेगमुळे बंधनं, म्हणून सगळ्यांना दौंडच्या वाटेवर केडगावला नेलं. तिथं त्यांनी जमीन घेऊन ठेवलेली होती. नंतर तिथं माग आला, तेलाचा घाणा आला, छापखाना आला, आंधळ्या मुलींसाठी वेगळी सोय झाली. मोठ्या मुली लहानग्यांना सांभाळू लागल्या, शिकवू लागल्या. विसावं शतक उजाडलं तेव्हा माणसं दोन हजारांच्या घरात गेली होती. इतक्यांचं जेवणखाण, कपडालत्ता आणि दुखणीखुपणी रोज निभवायची तर नुसता कळवळा पुरत नाही, हिशेब यावा लागतो. आणि याच धामधुमीत, १८९७ मध्ये, प्लेगच्या इस्पितळात बायकांची हेळसांड होते, असं वर्तमानपत्रात लिहून त्यांनी सरकारचाही राग ओढवून घेतला.

इथपर्यंत आलं की दुसरा हात वर होतो : "पण त्यांनी मुलींचं धर्मांतर केलंच ना?" हेही टाळू नये. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेलं शारदा सदन, म्हणजे विधवांसाठीची त्यांची निवासी शाळा, धर्मनिरपेक्ष राहील, असं ठरलं होतं. ते पुण्याला आलं, मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या आणि १८९३ मध्ये वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. मी कोणाला बळजबरी करत नाही, पण माझ्या प्रार्थनेचं दार लावूनही घेणार नाही, ही त्यांची भूमिका होती. मला त्या खोटं बोलत होत्या असं वाटत नाही, आणि पालकांची भीती खोटी होती असंही वाटत नाही. आसऱ्याला आलेल्या पोरीवर आसरा देणाऱ्याच्या श्रद्धेचा भार पडतोच, कोणी टाकला नाही तरी. शिवाय मुक्तीत, म्हणजे त्यांच्या केडगावच्या संस्थेत, शेवटचा शब्द बाईंचाच असे. एवढं सगळं एका माणसाच्या हाती असावं, हे मला आजही पुरतं पटत नाही.

देणाऱ्याचा हा भार आपल्याही घरात आहे. एका मंडळीत गरजू निधीचा अहवाल वार्षिक सभेत नावांसकट वाचला जायचा : अमुक बाईला औषधाला इतके, तमुकाच्या मुलाच्या फीला इतके. पारदर्शक कारभार, टाळ्या. ज्या बाईचं नाव वाचलं गेलं, ती पुढं उपासनेला यायची थांबली. पैसे चोख पोचले होते. भगिनी मंडळातल्या एका सुईण आजींनी सभेत उभं राहून सांगितलं, की पुढच्या वर्षी नावं वाचलीत तर मी माझी वर्गणी या पेटीत टाकणार नाही. पाळकसाहेब अवघडले, खजिनदार चिडले. शेवटी ठरलं की नावं फक्त दोघींना माहीत असावीत, हिशेब तपासनिसाला पावत्या दाखवाव्यात आणि सभेत नुसती एकूण रक्कम सांगावी. आजी कमिटीवर कधीच नव्हत्या. कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही, हे मात्र त्यांना आधी कळायचं.

म्हणून कमिटीच्या निवडणुकीआधी मला कोणी विचारलं, की अमुक माणूस कसा, तर मी दोन चौकश्या करते. त्यानं कोणत्या सभेत, कोणासमोर, कोणासाठी नाही म्हटलं? आणि त्याच्याकडून मदत घेतलेला माणूस त्याला रस्त्यात भेटला तर थांबून बोलतो, की वाट बदलतो? दुसऱ्या चौकशीला वेळ लागतो, कारण वाट बदलणारा माणूस आपण होऊन काही सांगत नाही. त्याच्या शेजारणीला विचारावं लागतं.