21 मधला 2

बुधवार, रात्र

सकाळी दादा गाडी पुसत होता. मी चहाचा कप घेऊन दारात आलो आणि त्याच्या हातातल्या फडक्यावर 2 दिसला. आकाशी कापड, आकडा कडेनं सोललेला. क्षणभर काही कळलंच नाही. आत गेलो तर 1 मोरीबाहेरच्या दोरीवर वाळत होता.

"विटली होती की नुसती," आई म्हणाली. "काखेत फाटलेली. अजून किती वर्षं सांभाळायची?"

तिची चूक नाही. सगळ्यात खालच्या कप्प्यात पडलेली ती जर्सी, मी स्वतः कित्येक वर्षांत तिला हात लावला नव्हता. सुहासनं मँचेस्टरहून आणलेली, तिथल्या मँचेस्टर सिटी या फुटबॉल क्लबाची, डेव्हिड सिल्वाची 21 नंबरची. सुहासचं जाऊ दे.

पण दिवसभर ते डोक्यातून हललं नाही. एक कापड फाडलं गेलं, एवढंच. मग घशाशी का यावं? तेच बघायला बसलोय.

जुलै 2023 मध्ये स्पेनच्या या डेव्हिड सिल्वानं फुटबॉल सोडलं ती बातमी मी बसस्टॉपवर वाचली होती. सरावात डावा गुडघा गेला, आतला लिगामेंट तुटला आणि आठवड्याभरात त्यानं सांगून टाकलं, आता पुरे. वय 37. मी वाचलं, "अरेरे" म्हणालो, बस आली, चढलो. बारा-तेरा वर्षं ज्याच्यासाठी रात्री जागलो त्याला एवढाच निरोप दिला मी. आज त्याचीच लाज वाटते आहे बहुतेक.

आणि वेळ तरी कसली बघावी. दोनच महिन्यांपूर्वी त्याचा तेव्हाचा क्लब रियाल सोसिएदाद ला लीगात, म्हणजे स्पेनच्या लीगमध्ये, चौथा आला होता, दहा वर्षांनी चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सगळ्यात मोठ्या क्लब स्पर्धेत निघाला होता, आणि त्यात त्याचा मोठा वाटा होता. सान सेबास्तियानला, सोसिएदादच्या मैदानावर, चॅम्पियन्स लीगचं ते गाणं वाजताना तो उभा असता. त्याऐवजी हंगामाआधीचा सराव, ना प्रेक्षक, ना पंच, आणि एक चुकीचा पडलेला पाय. म्हणजे त्याआधी तो जो सामना खेळला तो शेवटचा होता, हे खेळताना त्यालाही ठाऊक नव्हतं.

हेच. हेच टोचतंय.

बरं, त्याच्या वाट्याला निरोप कधी धड आलाच नाही. सिटीत दहा वर्षं, 436 सामने, 77 गोल, चार लीग विजेतेपदं. आणि 2020 च्या जुलैत नॉर्विचविरुद्ध सिटीच्या इतिहाद स्टेडियमवर लीगमधला शेवटचा सामना खेळला तेव्हा कोरोनामुळं खुर्च्या रिकाम्या. पाच गोलांनी जिंकले, टाळ्या सोबतच्या खेळाडूंनीच वाजवल्या. पुढं सोसिएदादनं कोपा देल रे हा स्पेनचा चषक जिंकला, 1987 नंतरचा त्यांचा पहिला मोठा करंडक, तोही सेव्हिलच्या रिकाम्या मैदानात. 2021 मध्ये सिटीनं स्टेडियमबाहेर त्याचा पोलादी पुतळा उभा केला, ते छानच झालं. पण पुतळ्याला काय ऐकू येणार.

विश्वचषकाचंही तेच. 2010 मध्ये पहिल्या सामन्यात डर्बनला स्वित्झर्लंडकडून स्पेन हरला आणि सिल्वाची जागा गेली. नंतर उपांत्य फेरीत शेवटची चार-पाच मिनिटं, बस्स. जगज्जेता झाला तो बाकावरून. कुठं कुरकुर केल्याचं मी तरी ऐकलं नाही. दोन वर्षांनी किएव्हला युरोच्या अंतिम सामन्यात चौदाव्या मिनिटाला पहिला गोल त्याचा, तोही डोक्यानं, आणि उंची बेताचीच. आपल्याकडं रात्रीचे साडेबारा वाजलेले. मी उशी तोंडात धरून ओरडलो होतो, बाबा शेजारच्या खोलीत झोपलेले म्हणून.

बाबा.

असो. खरं तर गोल आठवून त्याला आठवणं चूक आहे. गोल त्याचा धंदा नव्हता. समोरच्यांचे हाफ आणि बॅक यांच्यामध्ये जी दहा-बारा पावलांची पट्टी असते ना, तिथं तो अर्धा वळून उभा असायचा. चेंडू यायच्या आधी खांद्यावरून एकदा मागं बघायचा. मग पहिल्याच स्पर्शात चेंडू त्या बाजूला जायचा जिथं कुणी नाही. टीव्हीवर हे दिसतच नाही नीट, कॅमेरा चेंडूमागं धावतो. मला दिसायचं कारण मीही तिथंच खेळायचो. कोल्हापुरात, तालमीच्या संघाकडून, शाहू स्टेडियमवर, लेफ्ट हाफ. पायऱ्यांवर सगळी पेठ बसलेली, आणि कोच कोपऱ्यातून ओरडतोय, "बघून घे! आधी बघून घे!" सिल्वाला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, हा कोचचं ऐकणारा पोरगा आहे.

23 ऑक्टोबर 2011. दिवाळीच्या आधीचा रविवार, आई खालून हाका मारतेय आकाशकंदील लावायला, आणि ओल्ड ट्रॅफर्डवर सिटी मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच घरात धुतेय. 6-1. लोक सिटीच्या बालोटेलीच्या गोलांची आठवण काढतात. मला सहावा गोल लागतो. सामना कधीच संपलेला, पाचवा गोल सिल्वानं स्वतः मारलेला. आता कुणीही चेंडू नुसता धरून ठेवला असता. वरून येणारा चेंडू त्यानं जमिनीला लागूच दिला नाही, डाव्या पायानं तसाच हवेतून सोबतच्या झेकोच्या पुढ्यात सोडला. किती अलगद! पोळी तव्यावर टाकावी तसा. मी त्या वर्षी सरावात तो पास शंभर वेळा मारून बघितला असेल. एकदाही जमला नाही, पण एकदा जवळ गेला होता. ते सुहासनं पाहिलंय.

मग 2017 चा डिसेंबर. सिल्वाचा मुलगा मातेओ दिवस भरायच्या फार आधी जन्माला आला, आणि तो व्हॅलेन्सिया ते मँचेस्टर, मँचेस्टर ते व्हॅलेन्सिया करत राहिला. मधेच येऊन खेळायचा. मार्चमध्ये स्टोकला दोन गोल केले. सिटीनं त्या हंगामात 100 गुण केले. ऑगस्टमध्ये हडर्सफिल्डविरुद्ध बाळाला कडेवर घेऊन मैदानात आला, आणि मग त्याच सामन्यात फ्री किकवर गोल. ती चित्रफीत मी एकदाच पाहिली. काचेच्या पेटीसमोर उभं राहणं काय असतं ते... नको. ते इथं लिहायचं नव्हतं.

रात्रीचे साडेअकरा. मधे उठून पाणी प्यायलो आणि एक गोष्ट लक्षात आली.

माझा शेवटचा सामना कोणता, मला आठवत नाही. तासभर आठवतोय. घोट्याला लागलं ते आठवतं, "पुढच्या मोसमात बघू" म्हणालो ते आठवतं. पुढच्या मोसमात नोकरी लागली. त्याच्या पुढच्यात बाबांचं झालं. बूट बरेच दिवस माळ्यावर होते. शेवटचं मैदानातून बाहेर आलो तेव्हा ऊन होतं की सावली, आपण जिंकलो की हरलो, काही नाही. कुणी मला काढलं नाही, मी सोडलंही नाही. संध्याकाळपासून सिल्वासाठी वाईट वाटून घेतोय आणि आत रडणारा हा दुसराच निघाला.

तासभर पडून राहिलो. खूप वाईट वाटलं, मग हळूहळू कमी झालं. कारण एक आहे. शेवटचा म्हणून ठाऊक असता तर मी तो सामना खेळलोच नसतो, बघत बसलो असतो स्वतःकडं. ठाऊक नव्हतं म्हणून चेंडूकडं बघितलं असणार. सिल्वानंही सोसिएदादकडून त्या शेवटच्या दिवशी खांद्यावरून मागं बघितलंच असेल, आधी बघून घेतलं असेल, जसं एइबार या छोट्या क्लबात अठराव्या वर्षी बघायचा.

गुरुवार, सकाळ

दादा पुन्हा गाडी पुसत होता. 2 आता काळा पडलाय वंगणानं. मागावं की नाही, दोनदा मनात आलं. मग त्याच्या शेजारी बसलो आणि मागचं मडगार्ड राहिलंय म्हणून दाखवलं. दोरीवरचा 1 मात्र घडी करून वरच्या कप्प्यात ठेवलाय. आईनं बघितलं. ओट्यासाठी दुसरं फडकं काढलं तिनं, बाबांच्या जुन्या बनियनचं.