तुम्ही विचारलंत म्हणून: अंगठा करंगळीला का टेकत नाही?

"टाके निघून किती महिने झाले, अजून हात वापरत नाहीस?" भेटेल तो हेच विचारतो. "जरा मनावर घे" हे काही जण बोलतात, काही जण गिळतात. मनावर घेतलेलं आहे. मेंदूतून हुकूम सुटतो, मज्जारज्जूतून नसेत उतरतो आणि हाताच्या अर्ध्या वाटेवर संपतो.

काचेने माझी मीडियन नर्व्ह कापली, म्हणजे हातातून अंगठ्याकडे संदेश नेणारी मुख्य नस. सर्जननी टोकं सूक्ष्मदर्शकाखाली शिवली. तेव्हा मलाही वाटलं होतं, तार जोडली, आता करंट सुरू. पण अंगठा करंगळीकडे वळवणाऱ्या पेशी मानेतल्या मज्जारज्जूत असतात आणि त्यांचा एकेक तंतू तिथून थेट तळहातापर्यंत येतो. पेशीपासून तुटलेला भाग शिवला तरी जगत नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसांवर हे दाखवलं होतं. जुना तंतू विरघळतो, तंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशी (हे नाव शास्त्रज्ञ श्वान यांच्यावरून) जागा साफ करून रांग धरतात आणि त्या वाटेने वरून नवा तंतू वाढत येतो, दिवसाला साधारण १ मिलिमीटर.

हे मला कळलं ते नसेच्या तपासणीत. आधी चांगला हात घेतला. मनगटावर शॉक दिला, अंगठा टुणकन उडाला, पडद्यावर उंच लाट उठली. मग हा हात. तीच जागा, तोच शॉक. अंगठा ढिम्म. टेक्निशियनने करंट वाढवला, पुन्हा वाढवला. रेघ सरळच. मला दुखलंसुद्धा नाही, आणि त्यानेच मी हादरले. तंतूच्या पडद्यातून सोडियमचे कण आत घुसतात तेव्हा संदेश एकेक टप्पा पुढे सरकतो. इथे पडदाच उरला नव्हता. टेक्निशियन म्हणाली, "दुसरा हात सैल सोडा." मी मूठ आवळून बसले होते. उठून थेट घरी आले आणि कितीतरी दिवस कुणाचा फोन घेतला नाही. तुम्ही त्याला रुसवा म्हणालात.

आता थोडी संवेदना परतली आहे. मधल्या बोटाला हात लागला तर तर्जनीला लागल्यासारखं वाटतं, कारण काही तंतू चुकीच्या वाटेला लागले. मेंदू हे हळूहळू शिकेल म्हणतात. शिकेलही. गरम भांडं मात्र मी डाव्या हातानेच धरणार, कितीही हसा.

"मग दुसरं ऑपरेशन का नाही?" दुसऱ्या बोटाचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, अंगठ्याकडे वळवता येतो. पण वर्ष-दीड वर्ष नसेविना राहिलेला स्नायू सहसा पुन्हा जागा होत नाही, आणि माझा अजून त्या मुदतीत आहे, म्हणजे तो आपला आपण जागा होण्याची आशा आहे. कधी वाटतं थांबावं, कधी वाटतं मी नुसती घाबरले आहे. डॉक्टरांना अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही.