दहा मिनिटे

"पण मॅडम, प्रथिन तर तिथेच आहे ना?" वेस्टर्न ब्लॉटची, म्हणजे नमुन्यातली प्रथिने पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीची, फिल्म उजेडासमोर धरून विद्यार्थिनीने आज विचारले.

प्रथिन होतेच, पेशीत निरोप पोहोचवणाऱ्या ईआरके या प्रथिनाच्या एकूण साठ्याच्या दोन्ही पट्ट्या ठसठशीत उमटल्या होत्या. फॉस्फेट लागलेल्या, म्हणजे निरोप मिळून जागे झालेल्या, ईआरकेच्या जागी मात्र फिल्म कोरी होती, कारण नमुन्याची ट्यूब बर्फावर ठेवायची राहिली होती आणि पेशी फुटल्यावरही थांबायचे ठाऊक नसलेल्या फॉस्फटेजांनी, म्हणजे फॉस्फेट काढून टाकणाऱ्या विकरांनी, तेवढ्या दहा मिनिटांत सगळा निरोप पुसून टाकला होता.

(१९७९ मध्ये शास्त्रज्ञ टोनी हंटर यांना प्रथिनांतल्या टायरोसिन या अमिनो आम्लावरचे फॉस्फेट वेगळे दिसले, ते प्रयोगातल्या जुन्या बफर द्रावणाचा पीएच उतरला होता म्हणून. सगळ्यांचा निष्काळजीपणा इतका फळत नाही.)

तिला रागावले नाही, कारण माझ्या डोक्यात दुसरेच घोळत होते. कर्करोगाच्या गाठींच्या ज्या नमुन्यांवर मी वर्षानुवर्षे फॉस्फोप्रोटिओमिक्स, म्हणजे कोणकोणत्या प्रथिनांवर फॉस्फेट लागले आहे याची एकत्रित मोजणी, करत आले, त्यांच्या नोंदीत रुग्णाचे वय, गाठीची अवस्था, आधीची औषधे असे सारे असते. रक्तपुरवठा तुटल्यापासून नमुना गोठवेपर्यंत किती वेळ गेला, हा रकाना मात्र बहुतेकदा रिकामाच असतो. मग जे बदल मी कर्करोगाची खूण म्हणून शोधनिबंधांत मांडले, त्यांतले किती खरोखर गाठीचे होते आणि किती त्या न नोंदलेल्या मिनिटांचे?