चेंडू सोडून बाकी सगळं बघा: सांगलीच्या पोरींना घेऊन एनबीएच्या सामन्याला

ऑक्टोबर 2019 मध्ये एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे सामने पहिल्यांदा भारतात झाले. मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये, सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. 4 तारखेचा सामना शाळकरी मुलांसाठी ठेवलेला होता, 5 तारखेची तिकिटं सगळ्यांसाठी खुली होती. मी सांगलीत मुलींना बास्केटबॉल शिकवते. बातमी वाचली आणि तेव्हाच मनाशी ठरवलं, काही झालं तरी पोरींना न्यायचं.

दिवस मात्र कठीण होते. ऑगस्टमध्ये महापूर येऊन गेला होता. आयर्विन पुलापाशी कृष्णेनं 57 फुटांची पातळी ओलांडली होती आणि गावभागातली घरंच्या घरं पाण्यात होती. आमच्या शूटिंग गार्डचे, म्हणजे लांबून शूट करणाऱ्या मुलीचे शूज, दप्तर, शिवणयंत्रासकट आईचा सगळा पसारा भिजून वाया गेला होता. ती मैत्रिणीचे जुने शूज घालून सरावाला यायची. अशा वेळी सामन्याच्या तिकिटाचा विषय काढायला माझी जीभ रेटेना. शेवटी तिच्या वडिलांनीच तो प्रश्न सोडवला. म्हणाले, "मॅडम, पोरगी कधीपासनं चिखलच उपसतीया. जाऊ द्या तिला एकदा." आमच्या जुन्या खेळाडू आता नोकरीला लागल्या आहेत, त्यांनी हातभार लावला. तरी सगळ्या संघाला नेणं परवडणारं नव्हतं. चौघींना नेलं, आणि त्या निवडताना कोण चांगली खेळते हे न बघता कोण कुठल्या जागेवर खेळते ते बघितलं. खेळ चालवणारी पॉइंट गार्ड, शूटिंग गार्ड, फॉरवर्ड आणि बास्केटजवळ खेळणारी सेंटर. प्रत्येकीनं आपल्या जागेचं बघायचं आणि परत येऊन त्या जागेवर खेळणाऱ्या बाकीच्यांना शिकवायचं, अशी अट घातली.

तयारी महिनाभर आधीच सुरू केली. प्रशिक्षक म्हणून मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. काही माहिती नसताना गेलं की उड्या, डंक (उडी मारून चेंडू थेट बास्केटमध्ये कोंबणं) आणि मोठा आवाज एवढंच लक्षात राहतं. सराव संपला की लॅपटॉपवर दोन्ही संघांचे जुने सामने लावायचो. नियमांतले फरक आधीच सांगून टाकले. आपल्याकडे दहा मिनिटांचे चार क्वार्टर, तिथे बारा मिनिटांचे. आपल्याकडे पाच फाउलवर बाहेर, तिथे सहावर. तीन गुणांची रेषा आपल्याकडे 6.75 मीटरवर, तिथे समोरून 7.24 मीटर. तिथे डिफेन्स करणाऱ्याला कुणाला न अडवता बास्केटखालच्या रंगाच्या चौकटीत तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, हा नियम तर पोरींना नवाच होता. मग प्रत्येकीला एकेक खेळाडू वाटून दिला. पॉइंट गार्डला डि'आरॉन फॉक्स, कारण वेगात असताना थांबायचं कसं हे तिला शिकायचं होतं. शूटिंग गार्डला बडी हील्ड. सेंटरला डोमँटास साबोनिस. तो डावखुरा आणि तीही डावखुरी, त्यामुळे ती भलतीच खूश. फॉरवर्डला हॅरिसन बार्न्स. हातात छोटी वही आणि एकच सूचना: चेंडू आपल्या माणसाकडे नसेल तेव्हा तो काय करतो तेवढंच लिहायचं.

टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे पळतो. चेंडू एकाच्या हातात असतो आणि उरलेले चौघे पडद्याच्या कडेला कुठेतरी हरवतात. खरं बास्केटबॉल त्या चौघांत असतं. तिकिटाचे पैसे मोजायचे ते हे चौघे बघायला.

रात्रीच्या शिवशाहीनं निघालो आणि पहाटे दादरला उतरलो. नवरात्र चालू होतं, गाडीला गर्दी होती. डब्यातलं भडंग तर पुण्याच्या आधीच संपलं. परळला माझ्या मावसबहिणीकडे दिवसभर मुक्काम केला. आमच्या सेंटरचा नऊ दिवसांचा उपवास होता आणि डोममध्ये बाहेरचं खाणं चालणार नव्हतं, म्हणून निघण्याआधी तिला साबुदाण्याची खिचडी पोटभर खाऊ घातली. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आतलं खाणं महाग असतं, आणि भुकेल्या पोराचं लक्ष खेळात लागत नाही.

दरवाजे उघडायच्या आधीच रांगेत उभ्या होतो. आमच्या जागा स्वस्तातल्या, म्हणजे वरच्या आणि बास्केटच्या मागच्या बाजूला. मला त्या पुढच्या रांगेपेक्षा जास्त आवडल्या. वरून दहाच्या दहा खेळाडू दिसतात, मोकळी जागा कुठे तयार होते आणि कोण ती भरतो ते दिसतं. शिकायला आलेल्यानं पुढच्या खुर्चीसाठी जादा पैसे घालू नयेत.

आत पोचलो तेव्हा निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या आणि खाली खेळाडू सराव करत होते. संध्याकाळचा सगळ्यात मोलाचा भाग हाच. खेळाडू पाळीपाळीनं येतात, प्रत्येकाबरोबर एक सहायक प्रशिक्षक असतो. हील्ड कोपऱ्यातून शूट करत होता. पास यायच्या आधीच त्याचे गुडघे वाकलेले, पावलं बास्केटच्या दिशेनं लावलेली, दोन्ही हात छातीसमोर उघडे. चेंडू हातात आला की लगेच वर. तीच जागा, तीच पावलं, पुन्हा पुन्हा. मग दोन पावलं सरकून पुढची जागा. आमची शूटिंग गार्ड वही मांडीवर ठेवून नुसती बघत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "ताई, तो चेंडू आल्यावर तयार होत नाही, आधीच तयार असतो." मी तिला हे कितीदा सांगितलं होतं. पण हजारो तास मेहनत करून तिथवर पोचलेला माणूस सामन्याआधी तीच साधी गोष्ट घोटतो, हे तिनं आज डोळ्यांनी पाहिलं.

हा मोसमाआधीचा सराव सामना होता. अशा सामन्यात मुख्य खेळाडूंना फार दमवत नाहीत, त्यामुळे ते बघायचे तर पहिल्या हाफमध्येच. डोळ्यांत तेल घालून बघितलं. सेंटरनं वहीत स्क्रीन लावताना, म्हणजे आपल्या खेळाडूसाठी समोरच्याची वाट अंगानं अडवताना, पाय केवढे फाकवायचे त्याचं चित्रच काढलं. फॉरवर्डनं लिहिलं, "शॉट गेला की वर बघत नाही, आधी माणूस अडवतो." म्हणजे बॉक्स आउट, उसळलेला चेंडू समोरच्याला मिळू नये म्हणून. टाइमआउटला सगळ्या स्टेडियमची नजर नाचगाण्याकडे, आमची बाकाकडे. प्रशिक्षक फळीवर रेघा मारतो तेव्हा कोण वाकून बघतं, बसवलेला खेळाडू आत गेलेल्याला काय सांगतो, हे पाहायला तेवढाच वेळ मिळतो.

पेसर्सनी सामना 130-106 असा जिंकला. शेवटी चुरस उरली नाही आणि आजूबाजूचे लोक फोटो काढण्यात रमले. मी मात्र पोरींना सांगितलं की आता खुर्ची सोडायची नाही. तेव्हा मोसमाआधी संघात वीस जणांपर्यंत खेळाडू ठेवता यायचे, मोसम सुरू होताना नेहमीचे करार पंधरांनाच. म्हणजे चौथ्या क्वार्टरला जी नावं कुणालाच ठाऊक नसतात, त्यातल्या काहींचं पोट त्या काही मिनिटांवर असतं. त्यांचा डिफेन्स बघा. हरलेल्या सामन्यातही सुटलेल्या चेंडूवर अंग झोकून देतात, बदली झाल्यावर पळत बाहेर येतात. बाकावर बसणाऱ्या मुलीला समजावताना मी आजही त्या क्वार्टरचं सांगते. निकाल लागला म्हणून उठून जाणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

एक गोष्ट वहीत मावणारी नव्हती, ती म्हणजे कोर्टवरचं बोलणं. गोंगाट जरा थांबला की वरपर्यंत ऐकू यायचं. मागचा खेळाडू पुढच्याला सतत सांगत असायचा, स्क्रीन डावीकडून येतोय, मी आहे, माणूस बदल. आमच्या मुली कोर्टवर गप्प असतात. मोठ्यानं बोलू नको हे घरातच शिकवलेलं असतं, ते काही मैदानावर येऊन आपोआप सुटत नाही.

सांगलीला परतल्यावर पहिला सराव चौघींनी घेतला, मी बाजूला बसले. शूटिंग गार्डनं चेंडू न देताच सगळ्यांना गुडघे वाकवून, हात उघडून उभं केलं. सेंटरनं स्क्रीन शिकवला. पॉइंट गार्डनं नियम काढला की डिफेन्सला जी गप्प राहील तिनं एक फेरी पळायची. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळ्याच पळाल्या.

वहीची पद्धत आम्ही ठेवली आहे. जिल्ह्याचा सामना असो की राज्य स्पर्धा, बघायला जाताना प्रत्येकीला एक खेळाडू वाटून देते. राज्य स्पर्धेला बहुतेक वेळा तिकीट नसतं, कोर्टच्या कडेला बसता येतं आणि खेळाडूंचं बोलणं शब्दन् शब्द कानावर येतं. मुलांना तिथे न्या, आणि सराव सुरू व्हायच्या आधी पोचा.